३८४ : एका आकड्याची झाडाझडती

परदेशातल्या एखाद्या मराठी मंडळाच्या समितीवर तुम्ही वर्षभर जरी काढलं असेल, तरी ३८४ हा आकडा तुमच्या कानावरून गेला असण्याची शक्यता बरीच आहे. बैठकीत वाद रंगतो, कुणीतरी म्हणतं, "भांडण कशाला, सर्व्हे करू या." मग समितीतला एखादा उत्साही सभासद तिथल्या तिथे फोनवर नमुन्याचा आकार काढून देणारा कॅल्क्युलेटर उघडतो आणि जाहीर करतो, "३८४ लोकांनी फॉर्म भरला की झालं आपलं काम." पुढचे तीन आठवडे व्हॉट्सॲपवर आठवणींचा भडिमार होतो. आकडा गाठला की अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात येतं : ९५ टक्के खात्री, चूक फार तर अधिक-उणे ५ टक्के. आणि मग रविवारची मराठी शाळा चालू ठेवायची का, हॉलचं भाडं दिवाळी पहाटेवर घालायचं की नाटकावर, आजी-आजोबांना कार्यक्रमाला आणायला गाडी ठेवायची का, हे सगळं त्या पानावरून ठरतं.

मला आज त्या कॅल्क्युलेटरची झाडाझडती घ्यायची आहे. तो गणित चुकीचं करतो अशी माझी तक्रार नाही. गणित तो अगदी बिनचूक करतो. पंचाईत तिथेच आहे, कारण बिनचूक गणितापुढे आपण मान तुकवतो आणि त्या गणितानं काय गृहीत धरलंय ते विचारायचं राहून जातं.

आधी त्याचं जे चांगलं आहे ते सांगतो. कॅल्क्युलेटरमध्ये साधारण चार चौकटी असतात : एकूण लोक किती, खात्री किती टक्के हवी, किती टक्के इकडेतिकडे झालेलं चालेल, आणि उत्तर 'हो' येण्याचं प्रमाण अंदाजे किती. शेवटच्या चौकटीत बहुतेक वेळा ५० टक्के आधीच भरलेलं असतं, कारण मत निम्मं-निम्मं विभागलेलं असतं तेव्हा नमुना सर्वांत मोठा लागतो. तेवढा घेतला की बाकी कुठल्याही परिस्थितीत कमी पडत नाही. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ हा आकडा. त्याचा वर्ग करा, त्याला ०.२५ नं गुणा, ०.०५ च्या वर्गानं भागा. ३८४.१६ येतात. एवढंच आहे ते. ५ ऐवजी ३ टक्के हवे असतील तर १०६७, आणि १ टक्का हवा असेल तर ९६०४. म्हणजे अचूकता पाचपट करायची तर माणसं पंचवीसपट लागतात. हा हिशेब समितीला आधीच सांगितला तर 'अजून थोडे फॉर्म भरून घेऊ' हा आग्रह आपोआप थंडावतो.

या आकड्याला लोकप्रिय केलं ते १९७० साली क्रेसी आणि मॉर्गन या दोघांनी छापलेल्या एका कोष्टकानं. भारतातल्या कितीतरी एमबीए आणि बीएडच्या प्रबंधांत ते आजही जसंच्या तसं सापडतं. त्यात दिसतं, की १,००० लोकांच्या गटासाठी २७८ माणसं लागतात, १०,००० साठी ३७०, आणि १० लाखांसाठी ३८४. पहिल्यांदा बघणाऱ्याचा यावर विश्वास बसत नाही. दहा हजारांना ३७० आणि दहा लाखांना फक्त चौदा जास्त? पण आमटीची चव बघायला पळी एकच लागते, मग पातेलं घरचं असो की पंगतीचं. अट एवढीच, की आमटी खालपासून ढवळलेली हवी.

ही ढवळण्याची अट कॅल्क्युलेटरच्या चार चौकटींत कुठेच नाही. ३८४ चं गणित उभं आहे ते गटातल्या प्रत्येक माणसाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्यानं उत्तर दिलं, या कल्पनेवर. '९५ टक्के खात्री' याचा अर्थही त्यातच आहे : अशा चिठ्ठ्या शंभरदा टाकल्या, तर साधारण पंचाण्णव वेळा खरं उत्तर तुमच्या अधिक-उणेच्या आत सापडेल. आपण व्हॉट्सॲपवर लिंक टाकतो तेव्हा चिठ्ठ्या आपण टाकत नाही. ज्याला वाटेल तो स्वतःची चिठ्ठी स्वतःच उचलतो.

यानं किती फरक पडतो ते एका काल्पनिक मंडळावर बघू. ९०० कुटुंबं आहेत. कॅल्क्युलेटर सांगतो २७०. लिंक सगळ्यांना जाते आणि नेमके २७० फॉर्म येतात. प्रश्न असा, की मराठी शाळा रविवारीच भरावी का? २०० जण हो म्हणतात. अहवालात छापलं जातं : ७४ टक्के पाठिंबा, चूक अधिक-उणे ५. आता उरलेल्या ६३० घरांचा विचार करा. त्यांचं मत आपल्याला माहीत नाही. ती सगळी विरोधात असली तर खरा पाठिंबा २२ टक्के, आणि सगळी बाजूनं असली तर ९२ टक्के. ही दोन्ही टोकं अशक्यप्राय आहेत हे कबूल. पण त्या ६३० घरांमधला पाठिंबा समजा ४० टक्केच असेल, तर एकूण आकडा ५० वर येतो. आणि ज्यांची मुलं शाळेत येतात त्यांनीच फॉर्म हिरिरीनं भरावा, बाकीच्यांनी लिंककडे बघूही नये, हे अगदी घडण्यासारखं आहे. ७४ आणि ५० मधलं हे अंतर कुठल्याही 'अधिक-उणे ५' मध्ये मावत नाही.

तुम्ही म्हणाल, मग अजून फॉर्म भरून घ्या. याच वाटेनं गेलेल्या एका साप्ताहिकाची गोष्ट संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगतात, आणि अमेरिकेत शिकलेल्या तुमच्या मुलांनी ती ऐकलेली असेल. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट'नं रूझवेल्ट आणि लँडन यांच्या निवडणुकीचा अंदाज घ्यायला सुमारे एक कोटी पत्रं पाठवली. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरीतले आणि मोटारमालकांच्या याद्यांमधले. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली. अंदाज होता लँडन जिंकणार. रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. गॅलपनं त्या वेळी त्याहून कितीतरी लहान, हजारांत मोजता येईल असा नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं.

ही गोष्ट साधारणपणे 'श्रीमंतांच्या याद्या वापरल्या म्हणून चुकले' इथे संपवतात. ती तेवढ्यावर संपवू नये. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की याद्यांबरोबरच उत्तर कुणी पाठवलं आणि कुणी नाही यानं मोठा घात केला. पत्र मिळालेल्या चौघांपैकी तिघांनी ते परत पाठवलंच नाही, आणि पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते. आपल्या लिंकचं दुखणं हेच आहे. आणि गॅलपचा जयजयकारही जरा हात राखून करावा. त्याची पद्धत चिठ्ठ्यांची नव्हती, इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके शेतकरी असा कोटा भरून घ्यायची होती. १९४८ मध्ये तीच पद्धत तोंडघशी पडली आणि ड्यूईऐवजी ट्रुमन निवडून आले.

आता पहिल्या चौकटीकडे वळू : एकूण लोक किती? गंमत अशी, की उत्तरावर जिचा सर्वांत कमी परिणाम होतो ती चौकट हीच, आणि आपल्यासारख्यांना सर्वांत अवघड जाते तीही हीच. मंडळाच्या सभासदांपुरतं बोलायचं तर यादी असते. पण आपले अहवाल तेवढ्यावर थांबत नाहीत. 'इथल्या मराठी माणसाला काय हवं' अशा मथळ्याखाली ते छापले जातात. इथला मराठी माणूस म्हणजे कोण? अमेरिकेचा जनगणना विभाग दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे करतो, त्यात विचारतात, की घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, आणि कोणती. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत विचारलं, तुमची मुख्य भाषा कोणती. लंडनमधला, दिवसभर इंग्रजीत काम करणारा आणि घरी बायकोशी मराठीत बोलणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाला बिनदिक्कत 'इंग्रजी' म्हणेल. तोच न्यू जर्सीत असता तर पहिल्या प्रश्नात मराठी म्हणून मोजला गेला असता. मॉरिशसनं दोन वेगळे प्रश्न ठेवले आहेत, पूर्वजांची भाषा आणि घरात नेहमी बोलली जाणारी भाषा. तिथे क्रिओल बोलत वाढलेली आणि पूर्वजांच्या रकान्यात मराठी लिहिणारी कुटुंबं आहेत. ती मराठी की नाहीत? कॅल्क्युलेटरला याचं सोयरसुतक नाही. तुम्ही चौकटीत ५,००० लिहा की ५०,०००, तो ३५७ आणि ३८२ असं काहीतरी सांगून मोकळा होतो.

'काठावरच्यांचं काय करायचं' हा प्रश्न संख्याशास्त्रात फार जुना आहे, आणि तो लावून धरणाऱ्यांत एक आपला माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. फर्ग्युसनमध्ये शिकून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे नेमन आणि ईगन पिअरसन यांच्या सहवासात नमुना पाहणीचं शास्त्र घडत होतं तो नेमका काळ. पुढे भारतात पिकांच्या पाहण्या, आणि त्यानंतर बरीच वर्षं रोममध्ये एफएओच्या सांख्यिकी विभागाचं प्रमुखपद. परदेशी गेलेल्या कर्तबगार मराठी माणसांच्या आपल्या यादीत त्यांचं नाव क्वचित येतं, ते का हे मला कळलेलं नाही.

१९४० च्या दशकात भारतात पिकाचं उत्पन्न मोजायला शेतात चिठ्ठी टाकून एक लहानसा तुकडा निवडत, तेवढं पीक कापून तोलत आणि त्यावरून एकरी अंदाज काढत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची बंगालमधली पद्धत तुकडे अगदी लहान पण संख्येनं पुष्कळ घेण्याची होती. सुखात्म्यांनी आक्षेप घेतला : तुकडा फार लहान असला की उत्पन्न वाढीव दिसतं. कारण साधं आहे. हद्दीच्या दोरीवर निम्मं आत, निम्मं बाहेर असं जे रोप असतं ते कापणारा माणूस आत ओढतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानं काठ जास्त, म्हणून ही भर जास्त. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी हे मांडलं. वाद पुढे बराच चालला आणि महालनोबिस यांची बाजूही पोकळ नव्हती. लहान तुकडे स्वस्तात पुष्कळ घेता येतात, हा मुद्दा खराच आहे. पण आपल्या कामाची गोष्ट ही, की असे लहान तुकडे शंभराऐवजी दहा हजार घेतले तरी काठाची चूक तसूभरही कमी होत नाही. प्रत्येक तुकडा त्याच बाजूला चुकतो. कॅल्क्युलेटरचं अधिक-उणे दोन्हीकडे सारखं झुलतं. ही चूक एकाच बाजूला झुकलेली असते, म्हणून ते तिला पकडू शकत नाही.

सुखात्म्यांचं आणखी एक काम आपल्याला थेट उपयोगी आहे. नेमननं १९३४ मध्ये दाखवलं होतं, की लोकांचे गट पाडून नमुना घ्यायचा असेल तर प्रत्येक गटातून सरसकट सारख्या प्रमाणात माणसं घेऊ नयेत. जो गट मोठा आहे आणि ज्याच्यात आपसात जास्त फरक आहे तिथून जास्त घ्यावीत. पण कुठल्या गटात किती फरक आहे हे पाहणीआधी कसं कळणार? पंचविशीच्या आतल्या सुखात्म्यांनी १९३५ च्या आपल्या निबंधात हाच प्रश्न घेतला, की आधी छोटी चाचणी करून तो अंदाज काढला तर कितपत भागतं. बरंच भागतं, असं उत्तर आलं. नव्वद वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आपले कॅल्क्युलेटर आजही गटांबद्दल अवाक्षर विचारत नाहीत.

आणि आपले खरे प्रश्न तर गटांचेच असतात. वरच्या ९०० कुटुंबांपैकी समजा ९० घरांत आई-वडील कायमचे राहायला आले आहेत. गाडीची गरज त्यांना. २७० च्या नमुन्यात, तो अगदी चिठ्ठ्या टाकून घेतला तरी, अशी साधारण २७ घरं येतील. त्यांच्या उत्तरातलं अधिक-उणे १६ टक्क्यांच्या आसपास जातं. अहवालाच्या पहिल्या पानावरचे ५ टक्के या २७ घरांना लागू नाहीत, पण वाचणारा ते प्रत्येक तक्त्याला लावत सुटतो. इथे नमुना घ्यायचंच कारण नाही. ९० च्या ९० घरांना विचारावं. शिवाय फॉर्म घरटी एक असतो आणि तो मुलगा किंवा सून भरते. सत्तरीच्या सासूबाईंना कार्यक्रमाला यायला आवडतं का, याचं उत्तर ऑफिसच्या लंचमध्ये दुसरंच माणूस देतं. घरात त्रास सोसणाऱ्या बाईबद्दलचा प्रश्न असेल तर हा फॉर्म निरुपयोगी तर आहेच, धोक्याचाही आहे. मंडळात अशी समजा २ टक्के घरं असतील, तर '२ टक्के, अधिक-उणे ५' याला अर्थही उरत नाही.

हेच मोठ्या पाहण्यांनाही लागू होतं. २०२० मध्ये कार्नेगी एन्डाउमेंट आणि दोन विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी यूगव्हच्या मदतीनं अमेरिकेतल्या भारतीयांच्या राजकीय कलाची पाहणी केली. १,२०० लोक, अधिक-उणे २.८ टक्के. काम जबाबदारीनं केलेलं आहे. नमुना कुठून आला, उत्तरांना वजन कसं दिलं, हे त्यांनी लिहिलेलं आहे. नमुना यूगव्हच्या ऑनलाइन पॅनेलमधला आहे, त्यामुळे तो चिठ्ठ्यांच्या कसोटीला शब्दशः उतरत नाही, पण हे वाचकापासून लपवलेलं नाही. गोंधळ आपण घातला. त्या निष्कर्षांवर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की दुसऱ्या वाक्यात 'आपली मराठी माणसं' येतात. समजा त्या १,२०० मध्ये ५ टक्के मराठी होते. म्हणजे ६० माणसं, आणि अधिक-उणे तेरा टक्क्यांच्या जवळ. त्यातल्या दुसऱ्या पिढीच्या मुली वेगळ्या काढल्या तर एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील.

मग मंडळानं करावं काय? पुन्हा त्या ९०० घरांकडे येऊ. लिंक पाठवू नका. सभासदांची यादी घ्या, एक्सेलमध्ये प्रत्येक नावापुढे यदृच्छेनं आकडा टाका (हे एका सूत्राचं काम आहे), त्या आकड्यांच्या क्रमानं यादी लावा आणि वरची १०० घरं घ्या. फक्त शंभर. दहा स्वयंसेवकांना दहा-दहा घरं वाटून द्या आणि फोन करायला सांगा : "नमस्कार काकू, मंडळातून बोलतोय, दोन मिनिटं आहेत का?" फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मग शनिवारी सकाळी. जनगणना विभागसुद्धा उत्तर न देणाऱ्यांपैकी काहींच्या दारात माणूस पाठवतोच.

समजा ८५ घरांनी उत्तर दिलं आणि ६० घरं रविवारच्या शाळेच्या बाजूनं निघाली. न सापडलेली पंधराही विरोधात धरली तर शंभरात ६०, बाजूनं धरली तर ७५. त्यावर शंभराच्या नमुन्याचं अधिक-उणे चढवा : सर्वांत वाईट धरून ५१ टक्के, सर्वांत चांगलं धरून ८३. २७० फॉर्मवाला अहवाल आपल्याला २२ ते ९२ च्या मध्ये कुठेतरी सोडून गेला होता. शंभर फोनांनी निदान एवढं पक्कं केलं, की निम्म्याहून जास्त घरांना शाळा रविवारी हवी आहे.

यात स्वयंसेवकांना एकच गोष्ट बजावून सांगावी लागते, आणि ती ऐकायला माणसं फार नाखूश असतात. यादीतले देशपांडे तीनदा फोन करूनही सापडले नाहीत, तर त्यांच्याऐवजी शेजारच्या कुलकर्ण्यांना विचारायचं नाही. कुलकर्णी नेहमी फोन उचलतात, लगेच उत्तर देतात, दोन सूचनाही करतात. म्हणूनच नाही. देशपांड्यांच्या रकान्यात 'उत्तर मिळालं नाही' असं लिहायचं, आणि अहवालात छापायचं : ९०० पैकी १०० घरं चिठ्ठ्या टाकून निवडली, ८५ घरांशी बोलणं झालं, १५ सापडली नाहीत.